कळ काढणारी मोटार

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. रंगाने निळी, नाकाने गोल, दार उघडताना जराशी कुरकुर करणारी. तुमच्या रस्त्यावरच्या गुळगुळीत गाड्यांपुढे मी आजीसारखी दिसेन. दिसू दे. या आजीने भंगाराच्या ट्रकला मागे कसं सरकवलं, ते आज तुम्हाला सांगते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. कुणी माझा पत्रा वाकवला, कुणी काच बसवली, कुणी रंगाचा शेवटचा हात देऊन म्हणालं, "जा बाई, नीट जा." मी नीटच गेले. माझे मालक छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाचं एकेक अक्षर उचलून ओळ बांधायची, हे त्यांचं काम. त्यामुळे त्यांची बोटं काळी आणि जीभ खोडकर. एका शब्दातून दोन अर्थ निघाले की त्यांचा सगळा दिवस गोड जायचा.

शेजारच्या सीटवर मालकीणबाई बसायच्या, मागे त्यांची लेक. आम्ही पुष्कळ हिंडलो. लेकीला शाळेत मी सोडलं, लग्नानंतर तिच्या घरीही मीच पोचवलं. रस्त्यावरची माणसं वळून वळून बघायची आणि मी उगीचच हॉर्न वाजल्यासारखी फुलून यायचे.

एकदा चोराने मला पळवायचा प्रयत्न केला. त्यानंतर मालकांनी आपल्या सीटखाली एक पितळी खुंटी बसवली. ती आत ढकलली की इंजिनात ठिणगीच पडायची नाही. बाहेर ओढली की मी पुन्हा शहाणी. हे त्यांनी घरात कुणाला सांगितलं नाही. म्हणजे, सरळ शब्दांत सांगितलं नाही.

पुढे एका दुपारी त्यांनी मला शेडमध्ये उभं केलं, खुंटी आत ढकलली, बॉनेटवर थाप मारली आणि ते घरात गेले. ते पुन्हा आले नाहीत. मी वाट पाहिली. चाकं बसली, काचांवर धूळ साचली. एक मांजर मागच्या सीटवर बाळंत झालं. तेवढीच काय ती माझ्याकडे वर्दळ.

मग मालकीणबाईंनी लेकीकडे राहायला जायचं ठरलं. घर सोडायचं, म्हणजे शेड रिकामी करायची. जावयांनी भंगाराचा ट्रक बोलावला. मालकीणबाई म्हणाल्या, "मी जाईन तर हिच्यातून जाईन."

"आई, ती चालत नाही," लेक म्हणाली.

"चालवून तरी बघा."

शेवटी असं ठरलं, की ट्रक येईपर्यंत गॅरेजच्या मिस्त्रींनी मला सुरू करायचं. सुरू झाले तर मी लेकीच्या दारात. नाही तर ट्रकच्या पाठीवर.

मिस्त्री आले ते बाह्या सरसावूनच. चाकांत हवा भरली, नवी बॅटरी बसवली. चावी फिरवली तशी मी घर्रघर्र केलं, पण घशातून आवाज फुटेना. टाकीतलं शिळं पेट्रोल काढून ताजं ओतलं, कार्बुरेटर साफ केला. घर्रघर्र. प्लग काढून घासले, पॉइंट घासले, कॉइलही बदलली. घर्रघर्र आणि गप्प.

"पोरगी सासरी निघताना उंबऱ्यावर अडते ना, तसं चाललंय हिचं," जावई म्हणाले.

"तुम्ही नुसतेच उभे आहात," लेक म्हणाली, "निदान ती जुनी बॅटरी तरी उचला."

मिस्त्रींनी प्लग इंजिनाला टेकवून पाहिला. ठिणगी नाही. ते कपाळ पुसत म्हणाले, "कॉइलपर्यंत करंट येतोय. म्हणजे पुढे कुठंतरी वायर पत्र्याला टेकतेय. सगळं वायरिंग उकलावं लागेल. आठवडा तर सहज जाईल."

त्यांचं बरोबर होतं, मित्रांनो. वायर टेकतच होती, त्या खुंटीपाशी. सीटखाली, एका हातावर. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण ज्या घशातून सांगायचं तोच बंद.

इतक्यात फाटकाशी ट्रक येऊन थांबला. मालकीणबाई माझ्यात येऊन बसल्या, आपल्या नेहमीच्या सीटवर, मांडीवर पर्स घेऊन. "आता मला हिच्यासकट उचला," त्या म्हणाल्या.

मिस्त्री विरघळले. "आजी, जरा कळ काढा. शेवटचं एकदा बघतो."

मालकीणबाई हसल्या. हसता हसता डोळे पुसू लागल्या. "हे यांचंच वाक्य. चावी लावण्याआधी रोज म्हणायचे, जरा कळ काढ. मी म्हणायचे, काढतेय की, लग्नापासून तेच करतेय. की हे खाली वाकून खुदुखुदु हसत बसायचे."

"वाकून?" मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. "वाकून कशाला?"

"काय माहीत. सीटखाली हात घालायचे. मला वाटायचं, चप्पल सारखी करतात."

मिस्त्री मालकांच्या जागेवर बसले, वाकले, सीटखाली हात घातला. त्यांची बोटं पितळेला लागली आणि माझ्या अंगातून लहर गेली.

"आजी," ते हळूच म्हणाले, "कळ आहे इथे. खरीखुरी. आत ढकललेली."

मालकीणबाईंचं तोंड उघडंच राहिलं. "म्हणजे ती कळ? आणि मी मेली आयुष्यभर मुकाट बसून राहिले."

"काढा आता," मिस्त्री म्हणाले आणि जागेवरून उठले.

मालकीणबाई पलीकडून आल्या, वाकल्या आणि स्वतःच्या हाताने त्यांनी कळ काढली. मिस्त्रींनी चावी फिरवली. मी एकदा खोकले, दोनदा शिंकले आणि मग असा काही आवाज काढला, की शेडच्या पत्र्यावरची कबुतरं भर्रकन उडाली. जावयांनी हातातलं फडकं वर फेकलं. लेक बॉनेटवर गाल टेकून उभी राहिली. गालाला काळं लागलं, तेही तिने पुसलं नाही.

फाटकातून बाहेर पडायला मला वाट हवी होती. ट्रक मुकाट्याने मागे सरकला. ट्रकवाल्याने काच खाली करून विचारलं, "आता मी काय नेऊ?"

"ती जुनी बॅटरी न्या," जावई म्हणाले.

स्टिअरिंगवर लेक होती. शेजारी मालकीणबाई, आणि त्या माझ्या आवाजात आवाज मिसळून गुणगुणत होत्या:

कळ काढली काढली, उभी अंधारात बाई,
निळी मोटार माझी गं, आता थांबायाची नाही.

मित्रांनो, आता मी रोज धावते. माझं तेल-पाणी वेळेवर होतं, काचा लख्ख असतात. तुमच्याही घरात एखादं जुनं यंत्र गप्प पडलं असेल. त्याला टाकून देण्याआधी, त्याच्या शेजारी आयुष्यभर बसलेल्या माणसाजवळ घटकाभर बसा. रोज ऐकून गुळगुळीत झालेली त्यांची वाक्यं पुन्हा एकदा नीट ऐका. कुठलं वाक्य नुसतं बोलणं असेल आणि कुठलं किल्ली, ते आधी कळत नाही.

आणि तोवर, जरा कळ काढा.