जमिनीवरचे चार थेंब

माडी प्यायची तर आधी चार थेंब जमिनीवर टाकायचे, गेलेल्या माणसांच्या नावानं, आणि मग आपण तोंडाला लावायची. आमच्या गुंद गावात घरोघरी हीच रीत. आमच्या बाबांची, उमाजीची, रीत तेवढी उलटी. ते आधी स्वतः चाखायचे. चांगली निघाली तरच चार थेंब जमिनीवर, नाहीतर एकही नाही. कुणी नावं ठेवली तर म्हणायचे, "जे म्या चाखलं न्हाई, ते माज्या बापाला कसं देऊ?" लोक हसायचे. पण घरात लग्न निघालं की माडी पारखायला उमाजीलाच घेऊन जायचे.

एका घोटात ते माड कुठला, उताराचा की ओढ्याकाठचा, हे सांगत. मडकं धुतलं होतं की नुसतं खंगाळलं होतं, तेही सांगत. आणि खोटं म्हणून सांगत नसत. माझ्या भावाच्या, परशूच्या लग्नात व्याह्यांसमोर आमच्याच घरची माडी चाखली आणि म्हणाले, "आंबली हाय." परशूचं तोंड एवढंसं झालं. तरी मडकं परत गेलं आणि दुसरं येईपर्यंत वऱ्हाड ताटकळलं. मी तेव्हा रागानं बोलले होते. नवरा गेल्यावर माहेरी आलेली बाई मी, कुणाला घाबरायचं कशाला? बाबा नुसते हसले.

पुढं हिवतापानं त्यांना धरलं. दोन महिने अंथरुणावर. ताप उतरला, पण जीभ घेऊन गेला. पेज, मीठ, गूळ, सगळं माती. किराईताच्या काढ्याचं कडू तेवढं कळायचं. "त्ये औशीद हाय, चव न्हवं," म्हणायचे. मग त्यांनी जेवणच टाकलं. मी रागावले, विनवण्या केल्या, वाटी तोंडाशी नेऊन बसले. ते मान वळवायचे. माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला होता.

तेव्हा जंगलखात्याच्या बंगल्यात गोरा साहेब मुक्कामाला होता. मी तिथं पाणी भरायची. साहेबाच्या बिअरच्या बाटल्या कारवारहून गाडीनं यायच्या. त्या ओल्या फडक्यात गुंडाळून ओढ्यात ठेवायच्या, हे कामही माझंच. एके दिवशी साहेबालाच ताप आला आणि अर्धी बाटली उरली. बटलर गोव्याचा, भला माणूस. म्हणाला, "घेऊन जा बाय, बापाला दे. कडू असता, पण वास बरो."

मी वाटीत ओतून बाबांपुढं धरली. उगाच एक घोट घेतला त्यांनी. मग थांबले. दुसरा घोट तोंडात धरून बराच वेळ डोळे मिटून बसले.

"आदी कडू हाय," ते म्हणाले. "मागनं फुलाचा वास येतोय. वाळवलेलं फूल. सावलीत वाळवलंय, उनात न्हाई. मग ईडलिंबाच्या सालीवानी कायतरी. आन् शेवटाला भाजलेलं धान्य."

"बरी हाय का?" मी विचारलं.

"लई लांबनं आलीया. वाटंत ऊन लागलंय थोडं. पर करणारा माणूस खरा हाय." आणि त्यांनी वाटी कलंडवून चार थेंब जमिनीवर टाकले. शेणानं सारवलेल्या जमिनीवर फेसाचे चार ठिपके उठले. त्या दिवशी त्यांनी वाटीभर पेज खाल्ली.

बटलरला सांगितलं तर तो चकित झाला. म्हणाला, त्यात घालतात ती एका वेलीची फुलंच, वाळवलेली. त्यानं साहेबाला सांगितलं. साहेबाला गंमत वाटली. त्यानं मुद्दाम दोन बाटल्या पाठवल्या, एक ओढ्यातली, एक गाडीत उन्हात राहिलेली. बाबांनी दोन्ही चाखल्या. एकीचे चार थेंब जमिनीवर पडले. दुसरी त्यांनी बाजूला सारली आणि म्हणाले, "साहेबाला सांग, ही उनात मेली." त्यानंतर रोज वाटीभर बिअर घरी येऊ लागली. बाबा जेवू लागले, उठून बसू लागले, परशूच्या माडीला नावंही ठेवू लागले. मला वाटलं, वाचले.

चैत्र सरता सरता साहेबाचा मुक्काम हलला. तंबू, पेट्या, बटलर, सगळं हल्याळच्या वाटेला लागलं. माझ्याजवळ एक रिकामी बाटली राहिली.

तीन दिवस बाबा वाट बघत राहिले. विचारलं नाही, पण दारात माझ्या हाताकडं बघायचे. पेज पुन्हा तशीच परत येऊ लागली. चौथ्या दिवशी मी किराईत उकळलं, त्यात ईडलिंबाची साल टाकली, फेसासाठी ताजी माडी घातली आणि साहेबाच्या बाटलीत भरलं. ओल्या फडक्यात गुंडाळून ओढ्यातसुद्धा ठेवलं.

बाबांनी घोट घेतला. माझ्या तोंडाकडं बघितलं.

"तीच हाय न्हवं?" मी विचारलं.

"व्हय. तीच हाय," ते म्हणाले. वाटी संपवली, आणि पेजही खाल्ली.

मी अंगणात येऊन परशूला सांगितलं की बाबांना फसवलं. हसलेसुद्धा. परशू हसला नाही. त्यानं विचारलं, "थेंब टाकलं का?"

मी आत जाऊन बघितलं. अंथरुणाजवळची जमीन कोरडी होती.

नऊ दिवस मी त्यांना तेच पाजलं. नऊ दिवस ते "बरी हाय" म्हणाले आणि माझ्यासाठी चार घास खाल्ले. व्याह्यांसमोर पोटच्या पोराची भीड न धरणारा माणूस माझ्यापुढं रोज खोटं बोलत होता, आणि मी कोरड्या जमिनीकडं बघत गप्प राहत होते. मी खरं बोलले तर ते जेवणार नाहीत, ही मला भीती. ते खरं बोलले तर मी खचेन, ही त्यांना. दहाव्या दिवशी सकाळी हाक मारली तर ओ आली नाही.

त्यांचं अंथरूण काढताना बाटली हाताला लागली. तळाशी घोटभर उरलं होतं. मी ते तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. कडूजहर, सालीचा उग्र दर्प, वर नासक्या माडीचा आंबूसपणा. नऊ दिवस मी बापाला हे पाजलं होतं, आणि एकदाही स्वतः चाखलं नव्हतं. उमाजीची लेक मी. लाज वाटली, अजून वाटते.

बाराव्याला भाऊबंद जमले. बाबांच्या नावानं पान वाढलं. परशूनं नव्या माडाची माडी आणली आणि पानाशेजारी थेंब टाकायला मडकं कलतं केलं.

"थांब," मी म्हणाले, आणि सगळ्यांसमोर वाटीत ओतून आधी मी प्यायले. बायका एकमेकींकडं बघू लागल्या.

"आंबली हाय," मी म्हणाले.

परशूनं माझ्याकडं बघितलं. मग कोयता कमरेला लावला आणि दुसऱ्या माडाकडं गेला. माणसं ताटकळली. पानावरचा भात निवून गेला. कुणीतरी म्हणालं, आता एवढं काय त्याचं. मी पानाशेजारची जमीन तेवढी हातानं पुसून ठेवली.