पहिल्या रांगेतले काणे

२००६च्या एप्रिलमध्ये गावाच्या इतिहास समितीचं पत्र आलं आणि आमचे हे एकदम तरंगायलाच लागले. अमेरिकेतल्या डब्लिनच्या पुढच्या या छोट्या गावात आम्हाला पस्तीसहून जास्त वर्षं झाली, पण गावाकडून पत्र आलं तर ते एकच, गवत वाढलंय, कापा. यात मात्र लिहिलं होतं, की घरं आणि गिरण्या बांधणाऱ्या सुरुवातीच्या एका इमिग्रंटच्या नावाने नदीकाठी फलक लावतोय, काणे कुटुंबाने पहिल्या रांगेत बसावं.

"वीणा, अगं हा मीच की!" हे म्हणाले.

तसं त्यात खोटं काहीच नव्हतं. चारुदत्त काणे, स्ट्रक्चरल इंजिनियर, एकोणसत्तर साली इथे आले. कागदाच्या दोन गिरण्या आणि पलीकडची अख्खी वसाहत ह्यांच्या ड्रॉइंगवर उभी आहे. नाव मात्र कुठेच नाही, आणि ते ह्यांना फार लागायचं. तरी मी म्हटलं, एकदा फोन करून विचारून घ्या. "तुला ना, माझं काही चांगलं झालेलं पटतच नाही!" झालं, मी फणकाऱ्याने ह्यांचा सूट इस्त्रीला काढला.

शनिवारी सूट घालून पहिल्या रांगेत बसलो. आजूबाजूला दहा-बारा लालबुंद गोरे, सगळे एकमेकांना मिठ्या मारतायत. हे काय चाललंय, मला काही उमगेना. मग कापड सरकलं. फलकावर नाव होतं थॉमस केन, आयर्लंडहून आगमन १८१४.

काणे आणि केन, इंग्रजीत स्पेलिंग एकच! समितीने फोनबुक उघडून त्या नावाच्या सगळ्यांनाच आमंत्रणं धाडली होती.

ह्यांचा चेहरा उतरला. मला इतकं वाईट वाटलं, की आधीचा सगळा राग विसरले. "चला, घरी जाऊ," म्हटलं, तर जागचे हलेनात. तेवढ्यात समितीची बाई वंशजांची यादी घेऊन आली. तिने ह्यांच्याकडे पाहिलं, यादीकडे पाहिलं, पुन्हा ह्यांच्याकडे पाहिलं. मग चाचरत विचारलं, "आपण थॉमसचे वंशज का?"

हे उठून उभे राहिले.

"वंशज नाही, मॅडम," हे इंग्रजीत शांतपणे म्हणाले. "इथे आलो तो मीच."

बाईने यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. पेन कुठे टेकवावं तिला कळेना, आणि मला रडू का येतंय, ते मलाही कळेना.