निळ्या स्वेटरची बटणं

दार वाजवायचं, आपलं नाव सांगायचं, हात धुवायचे आणि मगच रहिवाशाला हात लावायचा. घंटीचं बटण त्यांच्या हाताशी ठेवल्याशिवाय खोली सोडायची नाही. एवढं नव्या मुलींना पहिल्याच आठवड्यात येतं. आपले हात आवरणं मात्र लवकर येत नाही, आणि केंड्राला तर ते शिकायचंच नव्हतं.

पोरगी गुणी होती, हे आधीच सांगते. आमच्या वृद्धाश्रमात इतक्या मायेनं काम करणारी मदतनीस फार दिवसांनी आली होती. पण अति तिथे माती. मिसेस लिंडाल डोळे चोळतायत तोवर हिने त्यांचे मोजे चढवलेले असायचे. केस विंचरून दे, टोस्टला लोणी लावून दे, त्या निळ्या स्वेटरची बटणंही लावून दे.

मिसेस लिंडाल म्हणजे आमच्या गावच्या शाळेच्या बसच्या ड्रायव्हर. मागच्या बाकावर दंगा केलास तर तळ्यापाशी बर्फात उतरवीन, ही धमकी मी त्यांच्याच तोंडून ऐकलेली. मागच्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात अधू झाला आणि त्या आमच्याकडे आल्या. शुक्रवारी थेरपीच्या बाई त्यांना तपासणार होत्या. स्वतःचं स्वतः आवरता आलं तर घरी, नाहीतर कायमच्या इथे. मुलानं घर विकायची भाषा सुरूच केली होती.

मी केंड्राला चादरींच्या खोलीत गाठलं.

"काय गं, तू त्यांची सेवा करतेस की वाट लावतेस?"

"डॉरीन, त्या किती दमतात! मला बघवत नाही."

"मग खिडकीबाहेर बघ. पण हात मागे बांधून उभी राहा. अधू हात आधी बाहीत, चांगला नंतर, एवढं तोंडानं सांगायचं आणि गप्प बसायचं. तू अशी बटणं लावत बसलीस ना, तर त्यांचं घर जाईल."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला रडक्या पोरींची चीड आहे, पण तिची आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतःच गेले आणि स्वेटर मिसेस लिंडालच्या मांडीवर ठेवला.

"केंड्रा कुठाय?" त्यांनी विचारलं.

"न्याहारी वाटतेय. आज तुमचं तुम्ही घालायचं."

"ती येईपर्यंत थांबते मी."

"ती आली तरी घालून देणार नाही. मी सांगितलंय तिला."

बसच्या आरशातून बघायच्या तशा त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग डाव्या हातानं अधू हात उचलून त्यांनी बाहीत सारला, स्वेटर पाठीवरून ओढून घेतला आणि एका हातानं सगळी बटणं भराभर लावली.

"अहो, येतंय की तुम्हाला!"

"कधीचं येतंय."

"मग त्या पोरीला कशाला राबवता?"

"डॉरीन, तू लहानपणापासून चोंबडीच." त्यांनी वरच्या बटणावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "नवरा गेल्यापासून मला कुणी हात लावला नाही गं. डॉक्टर लावतो, तोही रबरी मोजे घालून. ही पोरगी बटणं लावायला वाकते ना, तिची बोटं गार असतात, साबणाचा वास येतो. घरी कोण लावणार? मांजर?"

"म्हणजे घरी जायचं नाही तुम्हाला?"

"जायचंय तर! माझं घर आहे ते. पण हेही सुटवत नाही."

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं मी मुलींना हात कुठे आणि कसा लावायचा ते शिकवत आले. तो हात आत कुठवर पोचतो, याचा मी कधी विचारच केला नव्हता. केंड्राला मी यातलं काही सांगितलं नाही. ठरवायचं ते त्यांनी ठरवायचं होतं.

शुक्रवारी थेरपीच्या बाई खुर्ची ओढून बसल्या. केंड्रा दाराशी हात मागे बांधून उभी होती. मिसेस लिंडालच्या मांडीवर स्वेटर तसाच पडून होता. त्या हलेचनात. केंड्रानं एक पाऊल पुढे टाकलं, आणि ओठ चावून स्वतःच मागे घेतलं. मिसेस लिंडालनी ते पाहिलं.

मग त्यांनी अधू हात उचलला. बाही, पाठ, दुसरी बाही, गळ्यापर्यंत बटणं. वॉकर धरून उठल्या, बाथरूमपर्यंत जाऊन आल्या.

"झकास!" बाई म्हणाल्या. "आता घरी जायच्या तयारीला लागा." आणि गेल्या.

केंड्रानं टाळ्याच पिटल्या. मिसेस लिंडाल पलंगावर टेकल्या आणि वरून एकेक बटण काढायला लागल्या.

"अहो, हे काय? आत्ताच तर लावलीत!" केंड्रा म्हणाली.

"ती बाई गेली ना?" त्यांनी हनुवटी वर केली. "आता तू लाव. सावकाश लाव."

मी बाहेर येऊन दार लोटून घेतलं. जेवणाची गाडी घेऊन स्वयंपाकघरातला माणूस आला आणि दार वाजवायला त्यानं हात वर केला.

"थांब जरा," मी म्हटलं, "आत काम चाललंय."