सव्वा इंच

फाइल परत आली होती. वरच्या कागदावर विमा योजनेच्या मंजुरी कार्यालयाने लाल शाईत एकच ओळ लिहिली होती: निदानाचा कोड आणि एक्स-रेचा अहवाल जुळत नाही. सव्वीस वर्षांत कोडताईंची फाइल अशी परत आली नव्हती. शेजारच्या टेबलावरच्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि लगेच आपापल्या कागदांत डोकं घातलं.

हॉस्पिटलच्या तळघरात बसून डॉक्टरांचं लिखाण वाचायचं आणि प्रत्येक दुखण्याला ठरलेला कोड द्यायचा, हे कोडताईंचं काम. पेशंट त्यांना कधी दिसत नसत, दिसायचे ते कागद. नव्या मुलींना त्या पहिल्याच दिवशी बजावत, आपल्याला काय वाटतं ते खुंटीला टांगायचं, कागदावर काय आहे तेवढंच बघायचं. आणि ही परत आलेली फाइल त्यांच्या सख्ख्या भावाची होती. दादाचं ऑपरेशन परवावर आलं होतं. आज संध्याकाळपर्यंत मंजुरी आली नाही तर तारीख जाणार, पुढची तीन महिन्यांनी. शिंपीकाम करणाऱ्या त्या माणसाला आताच मशीनसमोर अर्धा तास बसवत नव्हतं.

ज्या कोडवर अडलं ते दुखणं साधं होतं: दोन पायांच्या लांबीत फरक, जन्मजात नव्हे, नंतर आलेला. कोडचा शेवटचा आकडा एक असेल तर उजवी मांडी, दोन असेल तर डावी. नियम असा की ऑपरेशन कुठल्याही पायाचं असो, कोड आखूड पायाचाच लावायचा. कोडताईंनी एक लिहिला होता. ऑपरेशन उजव्या खुब्याचं, जिना चढताना दादाचा हात उजव्या मांडीवर, लंगडायचाही तो त्याच बाजूला. आपल्याच भावाचा पाय, त्यात बघायचं काय, म्हणून त्यांनी अहवाल उघडलाच नव्हता.

आता उघडला. डावी मांडी, बत्तीस मिलिमीटर आखूड.

चुकीपेक्षाही, जन्मभर ज्याच्याबरोबर वावरलो त्याचा कुठला पाय आखूड हेच आपल्याला ठाऊक नाही, याची कोडताईंना जास्त लाज वाटली. शिवाय तो पाय मोडला होता त्यांच्याचमुळे. चार वर्षांच्या असताना त्यांनी आपली चप्पल शेडच्या पत्र्यावर भिरकावली आणि मग तिच्यासाठी भोकाड पसरलं. अकरा वर्षांचा दादा वर चढला आणि खाली आला तो मांडीचं हाड मोडूनच. हाड जुळलं, पण आखूड जुळलं. घरात यावर पुन्हा कुणी बोललं नाही. फाइलमधल्या ‘कारण’ या रकान्यातही दादाने सांगितलेलं जसंच्या तसं होतं: लहानपणी स्वतःच्या खोडीने पडलो.

तपासणीच्या चिठ्ठीवर नुसतं ‘उजवा’ होतं, अहवालात ‘डावा’. अशा वेळी मनाने काही करायचं नसतं, डॉक्टरांकडून लेखी घ्यायचं असतं. एरवी त्या शिपायाबरोबर कागद वर पाठवून देत. आज स्वतःच जिना चढल्या.

सर्जनबाईंनी फाइल पाहिली, स्वतःचीच चिठ्ठी बघून कपाळाला हात लावला आणि पडद्यावर दादाचा उभा एक्स-रे लावला, डोक्यापासून टाचांपर्यंतचा. अहवाल वाचण्यात जन्म गेला होता, पण त्यातला माणूस असा समोर उभा राहिलेला कोडताई पहिल्यांदाच बघत होत्या. बाईंचं बोट वर वर सरकत गेलं. डाव्या मांडीचं हाड आखूड. म्हणून कमरेचं हाड त्या बाजूला कललेलं. त्यावर पाठीचा कणा आधी एकीकडे वाकलेला, मग दुसरीकडे, आणि मानेपाशी येऊन पुन्हा जागेवर.

“आणि डोकं बघा, एकदम सरळ,” बाई म्हणाल्या. “शरीर काय वाट्टेल ते करेल, पण नजर तिरकी होऊ देणार नाही. एकेका मणक्याने थोडं थोडं वाटून घेतलंय. उजव्या पायाने जास्तीचा भार उचलला, म्हणून चांगला खुबा आधी झिजला.”

कोडताई बघतच राहिल्या. हे त्या हाडांना कुणी शिकवलं नव्हतं, कुठल्या कागदावर लिहून दिलं नव्हतं. दादा दुसऱ्यांचे खांदे आणि कमरा मापत बसला होता आणि आत त्याचं अंग अठ्ठेचाळीस वर्षं, एक दिवसाचीही रजा न घेता, एवढी एक सरळ रेघ सांभाळत होतं. त्यांना हात जोडावेत असं वाटलं, पण पडद्यावर आपलाच भाऊ होता.

ऑपरेशननंतर पाय सारखे होतील का, असं त्यांनी विचारलं. बाईंनी नकारार्थी मान हलवली. खुबा नवा बसेल, दुखणं जाईल, फरक मात्र राहील. मग त्यांनी ‘डावा’ लिहून सही केली.

खाली येऊन कोडताईंनी एक खोडून दोन केला. साडेचारला मंजुरी आली.

दादा वॉर्डात हॉस्पिटलचा अंगरखा घालून पडला होता. त्याची पँट खुर्चीवर घडी करून ठेवलेली होती. कोडताईंनी मंजुरीचं सांगितलं आणि मग खाली बघत आपली चूकही सांगितली.

दादा हसला. “तू उजवाच लिहिणार. मीच तसं करून ठेवलंय.”

“म्हणजे?”

“लहान होतीस. डावा पाय दिसला की रडायला लागायचीस, जेवायची नाहीस. मग मी उजव्यावर हात ठेवून चालायला लागलो, तिकडेच लंगडल्यासारखं करायचो. तुझं रडं थांबलं. मला पण सवय लागली.”

हाताला काहीतरी काम हवं म्हणून कोडताईंनी खुर्चीवरची पँट उचलली, झटकली आणि कमरेला कमर लावून धरली. खाली दोन पाय जुळले नाहीत. डावा वर राहिला. त्याची दुमड हाताने घातलेली होती, बारीक टाक्यांची, कुणाला कळू नये अशी. दादाच्या सगळ्याच पँटी अशा असणार.

“किती रे?” त्यांनी विचारलं.

“सव्वा इंच,” दादा म्हणाला. त्याने डोळे मिटले होते.

कोडताईंनी मनातल्या मनात हिशेब केला. बत्तीस मिलिमीटर. मग त्यांनी पँटीची घडी घातली, दोन्ही पाय जसे होते तसेच, एक वर, एक खाली, आणि ती अलगद त्याच्या उशाशी ठेवली.