मधला स्पीकर

लिफ्टमेकॅनिकचं सकाळपासून तळ्यात-मळ्यात चाललं होतं. आजचंच कशाला, गेला आठवडाभर घरात दुसरा उद्योग नव्हता. टीव्हीखालच्या कपाटावर दोन रिसीव्हर, म्हणजे टीव्हीचा आवाज स्पीकरांना वाटून देणारे खोके, शेजारी शेजारी बसले होते. एक जुना, स्टुडिओ बंद करायला निघालेल्या फोटोग्राफरकडून बघायला म्हणून आणलेला. तो दुसऱ्या मजल्यावर चढवताना त्याच्या कमरेनं संपच पुकारला. जन्मभर दुसऱ्यांच्या लिफ्टा चालू ठेवल्या, पण स्वतः राहतो त्या इमारतीला लिफ्ट नाही, आता बोला! दुसरा रिसीव्हर नवाकोरा, उचलला तर रिकामा खोका वाटावा इतका हलका. आवडला नाही तर सात दिवसांत परत, असं दुकानदार म्हणाला होता. आज सातवा दिवस. आणि फोटोग्राफरनं सकाळीच फोन करून बजावलं होतं की सहा वाजेपर्यंत हो म्हणाला नाहीत तर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. म्हणजे सहाच्या आत काय तो निकाल लावायचा होता, आणि हा गृहस्थ साधा शर्ट निवडायचा तरी बायकोला हाक मारतो.

हे सगळं सुरू झालं ते बायकोमुळेच, म्हणजे तिच्यासाठी. लेक लग्न होऊन गेल्यापासून दोघांचा एक नेम होता. जेवणं आटोपली की सोफ्यावर बसून एक सिनेमा बघायचा, आणि तो संपेपर्यंत त्यावर भांडायचं. पण वर्षभरापासून ती सारखी विचारायला लागली, काय म्हणाला तो? काय म्हणाली ती? आणि गेले दोन महिने तर ती सिनेमा अर्धा टाकून कपड्यांच्या घड्या घालायला उठून जायची. हा एकटाच सोफ्यावर. त्याला ते फार लागलं. घड्यांना एवढा वेळ लागत नाही, हे काय त्याला कळत नव्हतं? टीव्हीचा आवाजच बोदा आहे, असं त्याने ठरवून टाकलं. मग कोणीतरी सांगितलं की रिसीव्हर घ्या, पात्रांचं बोलणं तेवढं मधल्या स्पीकरमधून वेगळं, स्वच्छ येतं. झालं, याच्या डोक्याला भुंगा लागला.

जुन्याचा आवाज भरदार होता, पण त्याला गॅरंटी नाही आणि मधूनच टक् करून तो आतल्या आत काहीतरी बोलायचा. नव्याला गॅरंटी होती, पण त्यात एवढी बटणं आणि पडद्यावर एवढ्या याद्या की चालू करेपर्यंत सिनेमाची इच्छाच मरायची. सोमवारी जुना पक्का झाला, मंगळवारी नवा, बुधवारी पुन्हा जुना. लेकीला फोन केला तर ती म्हणाली, बाबा, काहीही घ्या, पण आईचं डोकं उठवू नका. हे ऐकून तो रुसला. मोटरला कान लावून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगणारा माणूस तो, सगळ्या खात्यात त्याच्या कानाला मान होता. आणि त्याच कानाला दोन खोक्यांमधला एक निवडता येईना.

चार वाजले तेव्हा त्याने हात टेकले आणि बायकोला म्हणाला, आज तूच निवड. कुठला चालू आहे ते मी सांगणार नाही, तू फक्त ऐकायचं. ती म्हणाली, मला त्यातलं काय कळतंय, तुम्हीच घ्या तुम्हाला हवा तो. पण याने तिला हाताला धरून सोफ्यावर बसवलं. सिनेमातला एक प्रसंग त्याने मुद्दाम शोधून ठेवला होता. बंदरावर बाप आणि लेक बोलत बसलेत, पाठीमागे बोटींचे भोंगे, पाणी, पक्षी. गोंगाटात शब्द कळतात का, हीच तर परीक्षा होती.

आधी नवा लावला. ती म्हणाली, बरा आहे.

मग तो कपाटामागे शिरला आणि एकेक वायर नव्यातून काढून जुन्याला जोडत गेला. लिफ्टच्या कामात एक सवय हाडीमाशी मुरते. काढलेली वायर उघडी सोडायची नाही, आधी टोकाला टेप, मग बाकीचं. कोणी चुकून बटण दाबलं तर जीव जायचा. स्पीकरच्या वायरीनं कोणाचा जीव जात नाही, पण हात ऐकतात थोडेच! प्रत्येक टोकाला टेप लागला, मग एकेक टेप निघत गेला, वायर बसत गेली, आणि त्याने तिथूनच रिमोट दाबला.

“हा,” ती लगेच म्हणाली. “हाच ठेवा. शब्द न् शब्द कळतोय.”

त्याला असा आनंद झाला की कपाटाला डोकं आपटलं. शेवटी लागला एकदाचा निकाल! पण उठता उठता तो थबकला. भोंगे येत होते, पाणी येत होतं, पक्षी तर कानाशीच ओरडत होते. बाप-लेक मात्र गप्प होते. त्याला वाटलं, नुसतेच बसले असतील. बाहेर येऊन पडद्याकडे बघितलं तर दोघांची तोंडं भराभर हलत होती. त्याने पुन्हा मागे डोकावलं. मधल्या स्पीकरच्या वायरीला काळा टेप तसाच होता, आणि टेपासकट ती त्याने खाचेत कोंबली होती. त्या स्पीकरमधून एक अक्षर बाहेर आलं नव्हतं. आणि सोफ्यावर ती, पडद्यावरच्या ओठांवरून नजर न हलवता, तिथली लेक हसली तशी हसत होती.

वर्षभराचं सगळं भराभर समोर आलं. फोन वाजला की ती त्याच्या हातात द्यायची. दारावरची बेल तिला कधीच ऐकू यायची नाही. आणि तिसऱ्यांदा ‘काय?’ म्हणाली की हा वैतागून म्हणायचा, जाऊ दे, काही विशेष नाही. किती वेळा म्हणाला असेल? त्याला स्वतःची लाज वाटली. मोटरीतली बारीकशी खरखर ओळखणाऱ्याला आपल्या घरातलं एवढं कळू नये?

त्याने टीव्ही बंद केला आणि खाली बघतच विचारलं, कधीपासून? उत्तर आलं नाही. मग तो तिच्यासमोर जमिनीवर बसला, तोंड वर केलं आणि पुन्हा विचारलं.

“दोनेक वर्षं झाली,” ती म्हणाली. “माझ्या माझ्या आईला ऐकू येईनासं झालं, तेव्हा आधी सगळे तिच्याशी ओरडून बोलायचे. मग बोलायचेच बंद झाले. मीसुद्धा.”

तो तिचा हात धरून बसला. मग म्हणाला की उद्या सुट्टी टाकतो, कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. ती लगेच तयार झाली, तेव्हा त्याला कळलं की ती कोणीतरी असं म्हणण्याची वाटच बघत होती.

“पण तोवर एक कराल?” तिने विचारलं. “ही मिशी काढाल? तुमचा वरचा ओठ दिसतच नाही. निम्मं मी अंदाजानंच चालवते.”

मिशी लग्नाच्या आधीपासूनची होती. साहेबांनी सांगून काढली नव्हती, लेकीनं चिडवून काढली नव्हती. तो उठून न्हाणीघरात गेला. दहा मिनिटांनी बाहेर आला तेव्हा नाकाखालची जागा बाकीच्या चेहऱ्यापेक्षा गोरी दिसत होती, आणि एका बाजूला कापलंही होतं. आल्या आल्या तो तिच्यासमोर उजेडात उभा राहिला आणि घशातून जराही आवाज न काढता, नुसते ओठ हलवून त्याने विचारलं, जुना की नवा?

“दोन्ही परत करा,” ती म्हणाली. “चला, सहा वाजत आले.”