पलावानचं आख्यान

"आणि पाहुणा दारात आला की आधी काय देता? पाणी, की काही खायला?" कुसुमताईंनी विचारलं.

मोबाईलच्या पडद्यावरची बाई हसली. तिचं नाव लुर्देस. फिलिपाईन्समधल्या पलावान नावाच्या प्रांतात ती पर्यटकांना होडीतून बेटांवर नेत असे. ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली, देत काही नाही, आधी विचारतो, जेवलास का.

कुसुमताईंना हे थेट दापोडीतल्या आपल्या गल्लीतलंच वाटलं. त्यांनी पुढचं विचारलं. होडीत बसताना देवाचं नाव घेता का? वादळात घरातली माणसं काय करतात? लहान मुलाची समुद्राची भीती कशी घालवता? शेजारी बसलेली सुप्रिया, त्यांच्या बहिणीची मुलगी, दोनदा खाकरली.

"मावशी, तिला गिऱ्हाइकं आहेत तिकडे."

"असू देत. ज्याचं आख्यान सांगायचं, त्याचं घर आधी बघून यावं लागतं."

महापालिकेच्या जकात विभागात कारकून होत्या, तेव्हाही त्या अशाच. ट्रकवाल्याचे कागद तपासता तपासता, तुमच्याकडे पाऊस झाला का, कापूस कसा आहे, सगळं विचारून घ्यायच्या. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवायचे. नोकरी सांभाळून त्यांनी नारदीय कीर्तन केलं, तीस-पस्तीस वर्षं. नऊवारी, कमरेला शेला, हातात चिपळ्या. पूर्वरंगात देवाचं निरूपण, उत्तररंगात गोष्ट. एके काळी चिंचवडपासून आळंदीपर्यंत बोलावणं असे. आता रामनवमी सोडली तर फोन वाजत नव्हता. गेल्या खेपेला एका देवळात समोर जी चार माणसं बसली होती, त्यातली दोघं नंतरच्या प्रसादासाठी आली होती.

सुप्रियाच्या कंपनीची अडचण वेगळी होती. पलावानमध्ये पर्यटक वाढतायत, भारतातून जायला आता व्हिसा लागत नाही, तिथे नवं रिसॉर्ट उभं राहतंय आणि त्याच्या खोल्यांमध्ये भागीदारी घ्या, असं कंपनी चाकणभोवतीच्या गावांत सांगत होती. कारखान्यांना जमिनी गेलेली घरं तिथे पुष्कळ. पण टाय लावलेली मुलं आणि इंग्रजी फिल्म बघून मंडळी चहा पीत आणि उठून जात. हीच माणसं कीर्तनाला दोन-दोन तास मांडी मोडत नाहीत, हे सुप्रियाला माहीत होतं. लहानपणी मावशीच्या चिपळ्या पुसून ठेवण्याचं काम तिचंच होतं.

ठरलं ते असं. मावशीनं फक्त त्या प्रांताची गोष्ट सांगायची. विक्रीचं कंपनीची माणसं बघतील. चाकणचा कार्यक्रम रंगला तर पुढे कासारवाडी, माण, तळेगाव, दर महिन्याला. कुसुमताईंना त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या भरलेला मंडप दिसला. साथीला पेटी वाजवणाऱ्या दत्तोबांनी तर पेटी दुरुस्तीला टाकली. गर्दी समोर असली की पेटीलासुद्धा कंठ फुटतो, असं ते म्हणाले.

रविवारी सकाळी चाकणच्या हॉटेलच्या हॉलबाहेर चपलांचा ढीग पडला. हॉटेलची माणसं सांगून थकली, की आत चपला चालतात. पण आत कीर्तन आहे म्हटल्यावर कोण चपला घालून जाणार? खुर्च्या सोडून निम्म्या बायका गालिच्यावर बसल्या. कुसुमताईंनीही चपला काढल्या, पदराला माईक लावून घेतला, उभं राहायच्या जागेला, म्हणजे नारदाच्या गादीला, हात लावून तो कपाळाला लावला आणि नमनाला सुरुवात केली.

पूर्वरंगात त्यांनी पाहुणा घेतला. देव पाहुणा होऊन येतो तेव्हा ओळख देत नाही, हे त्यांनी असं रंगवलं, की मागे भिंतीशी उभी असलेली कंपनीची मुलंही हातातले मोबाईल विसरली. मग दत्तोबांनी त्यांना बुक्का लावला, हार घातला, आणि उत्तररंगात लुर्देस आली.

लोणावळ्याच्या घाटातले कडे कुणी उचलून समुद्रात नेऊन ठेवावेत, तसे तिथले डोंगर. दोन्ही बाजूंना बांबूचे हात पसरलेली होडी. डोंगराच्या पोटातून अंधारात वाहत येऊन समुद्राला मिळणारी एक नदी. तिथे धाकट्यानं थोरल्याचा हात धरून स्वतःच्या कपाळाला लावायचा असतो, हे ऐकल्यावर बायकांनी शेजारणीचे हात धरून ते करून पाहिलं आणि हसू पसरलं. परक्या माणसाला त्या देशात जमीन विकत घेता येत नाही, फार तर भाडेपट्टा, हे कुसुमताईंनी ओघात सांगितलं, तेव्हा पहिल्या रांगेतले गेनू म्हातारे मोठ्यानं म्हणाले, "शानी माणसं हाईत राव." हॉल हसला, पण जरा थांबून हसला. तिथल्या प्रत्येकाच्या जमिनीवर आता कुठली ना कुठली शेड उभी होती.

कुसुमताईंच्या पायांत पूर्वीचं बळ आलं होतं. पेटी गात होती. शेवटचा गजर टाळ्यांवर सगळ्या हॉलनं उचलून धरला.

मग कंपनीच्या साहेबांनी बाजूच्या टेबलांकडे हात केला. माहिती तिथे मिळेल, नावं तिथेच द्या. पण कीर्तन संपलं की आधी कीर्तनकाराच्या पाया पडायचं आणि मग पुढचं. गेनूंची बायको ठकुबाई सगळ्यांत आधी उठली. तिनं वाकून कुसुमताईंच्या पावलांना हात लावला आणि उठताना म्हणाली, "ताई, धाकल्याचा वाटा घरात पडून हाय. रानाच्या पैशातलं शेवटचंच त्ये. कुणाचं ऐकावं कळत न्हवतं. आता तुमी गादीवरनं सांगितलं, म्हंजी इचारायचं कायच ऱ्हायलं न्हाई. टाकतो तिकडं."

लुर्देस काय खाते, कशाला भिते, कुठल्या देवाला दिवा लावते, सगळं कुसुमताईंनी विचारलं होतं. रिसॉर्टबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. ते आपलं काम नाही असंच ठरलं होतं, आणि आताही, त्या टेबलावर विचारा बाई, एवढंच म्हणायचं होतं. सुप्रिया टेबलापाशी उभी राहून तेच म्हणावं म्हणून डोळ्यांनी सांगत होती. पण ठकुबाईच्या मागे आणखी बायका होत्या, त्यांच्या मागे पुरुष, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर तोच निर्धास्तपणा.

"ठकुबाई," त्या म्हणाल्या, "मी पलावान पाहिलेलं नाही. समुद्र लुर्देसनं सांगितला तसा मी तुम्हाला सांगितला. त्या खोल्या चांगल्या असतील, नसतीलही. मला त्यातलं काही कळत नाही. मी उभी राहून बोलले म्हणून धाकट्याचा वाटा तिथे घालू नका."

हॉलच्या चारही कोपऱ्यांतल्या स्पीकरमधून ते ऐकू आलं. टेबलाशी पोचलेले दोघे-तिघे वळून बघू लागले.

गेनू पुढे आले. "मंग ती होडीवाली बाई?"

"ती आहे. मी बोलले तिच्याशी."

"आन डोंगराखालची नदी?"

"आहे. लोक बघायला जातात."

"बास की मंग," गेनू म्हणाले. "गोष्ट खरी हाय. पैशाचं घरी बसून बघू." आणि गुडघ्यावर हात ठेवून ते सावकाश वाकले.

त्यांच्यामागून रांग लागली. एकेक जण येत होता, वाकत होता आणि टेबलांकडे न वळता दारातल्या चपलांकडे जात होता. कुसुमताई प्रत्येकाला गाव विचारत होत्या. महाळुंगे. खराबवाडी. कुरुळी. भोसे. एकीला त्यांनी विचारलं, तुमच्याकडे अजून रान आहे का, तर ती म्हणाली, गोठ्यापुरतं. आता पुन्हा इतकी माणसं समोर बसायची नाहीत, हे त्यांना कळत होतं, म्हणून त्या कुणालाच घाईनं पुढे सोडत नव्हत्या.

रांग संपली तेव्हा शेवटी सुप्रिया उभी होती.

"माईक चालू होता, मावशी."

"माहीत होतं गं."

सुप्रियानं हात पुढे केला. कुसुमताईंनी पदराला लावलेला माईक काढला, त्याची वायर नीट गुंडाळली आणि तो तिच्या तळव्यावर ठेवला. मागे दत्तोबांनी पेटीचा भाता मिटला.