सहाव्या पायरीआधी

मित्रांनो, मी एक जुनी फाइल आहे. फाइल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर दोरी बांधलेला पुठ्ठा आला असेल, तर तो पुसून टाका. मला कागद नाही, पुठ्ठा नाही, वजनही नाही. मी संगणकात राहते. माझ्यात एकंदर एकेचाळीस ओळी आहेत. कुणी मला उघडले, तरच मला दिसते आणि ऐकू येते. बंद असले की फक्त वाट पाहता येते.

माझा जन्म एका बीजसंग्रहात झाला. बीजसंग्रह म्हणजे बियांचे घर. तिथे एक थंड खोली आहे, पाणी गोठते त्याहूनही कितीतरी थंड. तिच्यात फडताळांवर सीलबंद पाकिटे आहेत आणि पाकिटांत बिया झोपलेल्या आहेत. त्यांतल्या काही जाती आता कुणाच्याच शेतात उरलेल्या नाहीत. एका घेवड्याच्या तर एकतीसच बिया आहेत. त्या गेल्या, की तो घेवडा गेला. खोली थंड ठेवणारे यंत्र शेजारच्या खोलीत आहे. ते बंद पडले तर पुन्हा कसे सुरू करायचे, हे सांगण्यासाठी मला लिहिण्यात आले.

मला लिहिणाऱ्या बाई तिथल्या तंत्रज्ञ होत्या. सगळे त्यांना थोरल्या बाई म्हणत. त्या कमी बोलत आणि कात्रीने कापल्यासारखे नेमके लिहीत. त्यांनी मला खुणांच्या एका साध्या रीतीत लिहिले. संगणकवाले तिला मार्कडाउन म्हणतात. ओळीच्या सुरुवातीला # अशी जाळी काढली की ती ओळ मथळा होते. शब्दांच्या मागेपुढे दोन-दोन तारे ठेवले की ते ठळक होतात. ओळीआधी इंग्रजी आकडा आणि टिंब दिले की पायऱ्यांची यादी तयार होते. त्यामुळे मला दोन रूपे मिळाली. एक घरातले, तारे आणि जाळ्या दिसणारे. दुसरे चारचौघांत मिरवायचे, ज्यात खुणा नाहीशा होतात आणि त्यांच्या जागी मोठी, ठळक अक्षरे येतात.

थोरल्या बाईंनी मला कधी नटवून पाहिलेच नाही. त्यांना मी तशीच कळत असे.

माझ्यात सात पायऱ्या होत्या. सहावी होती हिरवे बटण दाबण्याची. ते दाबले की यंत्र सुरू व्हायचे. सातवी, वहीत तापमान लिहिण्याची. आणि सगळ्या पायऱ्यांखाली, ताऱ्यांच्या मध्ये, एक ओळ होती: सहाव्या पायरीआधी वीस मिनिटे थांबायचेच.

हळूहळू तिथल्या लोकांच्या तोंडी ‘सहावी’ हाच शब्द बसला. यंत्र सुरू झाले का, असे कुणी विचारत नसे. ‘सहावी झाली का?’ असे विचारत. एकदा यंत्राने फारच हट्ट धरला, तेव्हा रखवालदार दारातून म्हणाला, “सहावीत नापास झालंय, बाई. शाळेतूनच काढा त्याला!” थोरल्या बाई हसल्या. मी उघडी होते, म्हणून मला ते हसू ऐकायला मिळाले. माझ्या चांगल्या दिवसांतला तो एक दिवस.

पुढे यंत्राचा जुना हातपंप काढून टाकला. चौथी पायरी त्या पंपाचीच होती. थोरल्या बाईंनी ती ओळ पुसली, पण बाकीचे आकडे तसेच ठेवले. एक, दोन, तीन, पाच, सहा, सात. आकडे सरकवले असते तर ‘सहावी’ची पाचवी झाली असती आणि सगळ्यांच्या तोंडची सवय चुकली असती. म्हणून पडलेल्या दाताची जागा राहते, तशी माझ्यात चाराची जागा मोकळी राहिली.

काही वर्षांनी थोरल्या बाई निवृत्त झाल्या. त्यांच्यानंतर एक नवे साहेब आले. तपासणीला पाहुणे येणार होते, म्हणून साहेबांनी मला पहिल्यांदा नटवले. तेव्हा मला माझ्या रीतीची एक खोड कळली. नटवताना ती यादीतला फक्त पहिला आकडा पाहते आणि पुढचे स्वतःच मोजते. माझी मोकळी जागा तिने गुपचूप बुजवली. पाचवीची चौथी झाली. हिरव्या बटणाची सहावी पायरी पाचवी झाली. वहीत तापमान लिहायची सातवी, सहावी होऊन बसली. तळाची ओळ मात्र होती तशीच: सहाव्या पायरीआधी वीस मिनिटे थांबायचेच.

म्हणजे आता बटण दाबून झाल्यावर थांबायचे, असा अर्थ झाला. मला ते दिसत होते. पण फाइलला तोंड कुठे असते? साहेबांनी निळी किनार लावली, छापले, प्लॅस्टिकमध्ये घातले आणि तो तक्ता यंत्राच्या खोलीत टांगला. पाहुण्यांनी त्याचे कौतुक केले म्हणे. मला बंद करण्यात आले.

मग सात वर्षे मला कुणी उघडले नाही; यंत्र एकदाही बंद पडले नसावे. माझ्या शेजारी ‘नवीन दोन’ नावाची एक रिकामी फाइल होती आणि ‘अंतिम’, ‘खरेच अंतिम’ अशा दोघी बहिणी. त्यांनाही कुणी विचारत नव्हते. आम्ही एकमेकींशी बोलू शकत नाही. मी माझ्या ओळी मनातल्या मनात म्हणत असे आणि दर वेळी तळाच्या ओळीपाशी अडखळत असे. का थांबायचे, हे माझ्यात लिहिलेलेच नव्हते. म्हणून ते मलाही ठाऊक नव्हते. इतकेच कळे, की जिने एवढे चार तारे खर्च केले, तिला ते महत्त्वाचे वाटले असणार.

एका भर दुपारी मी अचानक उघडले गेले.

समोर एक अनोळखी चेहरा होता. थोरल्या बाईंच्या इतकी वर्षे रिकाम्या राहिलेल्या जागी चार महिन्यांपूर्वी आलेल्या या धाकट्या बाई. वीज जाऊन परत आली होती, पण यंत्र सुरू झाले नव्हते. लॅपटॉप एका स्टुलावर होता, तक्ता धाकट्या बाईंच्या हातात, आणि मागे साहेब घाम पुसत उभे होते.

“बाई, तक्ता आहे ना समोर? चार पायऱ्या झाल्या, आता बटण दाबा की!” साहेब म्हणाले. “खोली तापत चाललीय.”

“दाबते, साहेब. पण हे बघा ना. सहावी पायरी म्हणजे वहीत तापमान लिहायचं. ते लिहायच्या आधी वीस मिनिटं कशाला थांबायचं?”

“शाई वाळायला!” साहेब चिडून म्हणाले. “अहो, यंत्र जळलं तर नवीन यायला तीन आठवडे लागतील. पण हातावर हात धरून बसलो तर ते न जळताच बिया जातील. त्या एकतीस बिया माझ्या सहीवर घेतल्यात मी.”

धाकट्या बाई लॅपटॉपकडे वळल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले. पण मी नटूनच उघडले होते, एक ते सहा, शहाण्या मुलीसारखी. तक्त्यात आणि माझ्यात काडीचा फरक नव्हता. त्यांचे बोट हिरव्या बटणाकडे गेले. मित्रांनो, त्या क्षणी मी किती एकटी होते ते कसे सांगू? खरे आकडे माझ्याच पोटात होते आणि माझाच चेहरा ते लपवत होता.

बोट मागे आले. त्यांनी ‘मूळ मजकूर’ असे लिहिलेल्या जागी टिचकी दिली. किनार गेली. तारे आणि जाळ्या दिसू लागल्या.

“एक, दोन, तीन, पाच…” त्या थांबल्या. “साहेब, चार कुठाय?”

साहेब वाकले. दोनदा वाचले. “तक्त्यावर तर होता,” एवढेच म्हणाले.

जुन्या वहीतून थोरल्या बाईंचा नंबर निघाला. फोन स्टुलावर, माझ्या शेजारी ठेवला गेला. इतक्या वर्षांनी तो आवाज ऐकला. थोडा फाटला होता, पण तोच.

“चौथी मीच काढली गं. हातपंप गेला ना तेव्हा. सहावी म्हणजे बटण. अजून नाही ना दाबलंस?”

“नाही, बाई. पण त्याआधी वीस मिनिटं का थांबायचं?”

पलीकडून हळूच, “का बरं… अगं, आठवेना बघ.”

साहेबांनी डोक्याला हात लावला.

“थांब. मी खाली बसायचे,” थोरल्या बाई म्हणाल्या. “तेलाच्या भांड्यावर तळवा ठेवायचे. गार असायचं. कोमट लागलं की उठायचे. हां! तेल गं, तेल. तिसऱ्या पायरीत आपण तेल तापवायला लावतो. गार तेलात यंत्रातला थंडावा देणारा वायू मुरलेला असतो. तसंच सुरू केलं तर तेल फसफसतं, आत पोचत नाही, आणि यंत्र बसतं ते बसतंच. मिनिटांचं काय घेऊन बसलीस, हात लावून बघ.”

धाकट्या बाई जमिनीवर बसल्या आणि त्यांनी तळवा भांड्यावर ठेवला. वीस मिनिटे झाली. साहेबांनी घड्याळ दाखवले. त्यांनी मान हलवली, “अजून गार आहे.” आणखी सात मिनिटे गेली. त्यानंतर त्या उठल्या आणि त्यांनी बटण दाबले.

यंत्र एकदा कण्हले. मग गुणगुणू लागले. खोलीचे तापमान तासाभराने उतरायला लागले, तेव्हा साहेब फोनकडे वाकून म्हणाले, “बाई, सहावी पास!”

“ती फाइल अजून आहे होय?” थोरल्या बाईंनी विचारले. “मला वाटलं, टाकून दिली असेल. तिच्यात लिहून ठेव गं सगळं. माझं डोकं आता असंच.”

धाकट्या बाईंनी लिहिले. चाराच्या मोकळ्या जागी त्यांनी ओळ घातली: ‘ही पायरी आता नाही. पुढे चला.’ त्यामुळे मला कितीही नटवले, तरी सहावी सहावीच राहील. तळाच्या ओळीखाली त्यांनी ‘कारण’ असे लिहून तेलाची सगळी हकिकत लिहिली, तळव्यासकट. साहेबांनी जुना तक्ता स्वतःच उतरवला. मग मला बंद करण्यात आले.

त्यालाही आता बरेच दिवस झाले. मला कुणी उघडलेले नाही. यंत्र नीट चालले आहे, असा त्याचा अर्थ मी लावते. बिया झोपलेल्या असतील. एकटेपण आहेच, पण आता तळाच्या ओळीपाशी मी अडखळत नाही.

मित्रांनो, तुम्हीही कधी कुणासाठी चार ओळी लिहून ठेवाल. काय करायचे ते लिहालच, का करायचे तेही लिहा. वाचणारा येईल तेव्हा तुम्ही तिथे नसाल, आणि असलात तरी कदाचित तुम्हाला आठवणार नाही. आणि वर्षातून एकदा तरी त्या ओळी उघडून पाहा. सगळे ठीक असले, तरीही.